रेघेवरचा हात

पडलेल्याला हात द्यावा, हे मलाही कळतं. तरी त्या दिवशी तशाच एका हातामुळे मी आमच्याच गावच्या गड्याला बाद दिलं, आणि आज विचारलंत तरी बादच देईन.

आमचा चांदा जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. मी वैनगंगेकाठच्या एका गावात मास्तरीण होते. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की आमचं गाव आणि नदीपलीकडचं गाव यांच्यात हुतुतूचा सामना व्हायचा. पंच कोण, यावरून दरवर्षी डोकी फुटायची. दोन्ही गावांत सोयरिकीच इतक्या, की शिटी वाजवणारा प्रत्येक गडी कुणाचा तरी जावई नाहीतर साळा निघायचा. मी पडले वर्ध्याकडची, या दोन्ही गावांत माझं कुणीच नव्हतं, आणि शाळेत असताना मी हुतुतू खेळलेली होते. म्हणून शिटी माझ्या गळ्यात आली. बाईमाणूस काय निवाडा करणार, असं काहीजण मला ऐकू येईल असंच बोलले. मी पदर खोचला आणि मैदानात उतरले.

आमच्या गावचा वस्ताद म्हणजे माझा घरमालक. पोरांना तोच शिकवायचा, आणि सामना सुरू झाला की मधल्या रेघेच्या टोकाशी, मैदानाबाहेर, उकिडवा बसायचा. तिथून त्यानं कितीही ओरडावं, माझी ना नव्हती. पण त्याचा उजवा हात काही स्वस्थ बसत नसे. आमच्या घाटाला पायऱ्या नव्हत्या, नुसती निसरडी दरड होती. डोंग्यातून उतरणाऱ्याला काठावरच्यानं हात द्यायचा, मग त्याच्याशी भांडण का असेना, ही तिथली रीत. वस्तादाचा सगळा जन्म त्या काठावर गेलेला.

धान निघालेल्या बांधीत, मोकळ्या शेतात, राखेनं रेघा आखल्या होत्या. दोन्ही गावं बरोबरीत होती आणि शेवटची चढाई आमच्या गड्याची होती. त्यानं एकाला शिवलं, पण परत फिरताना चौघांनी त्याचे पाय धरले. दम न सोडता तो खरडत मधल्या रेघेकडे आला, नेमका वस्तादाच्या बाजूला. रेघ वीतभर राहिली आणि तो अडकला, पुढं सरकेचना. तेवढ्यात बाहेरून वस्तादाचा हात आला, त्यानं गड्याचं मनगट धरलं आणि ओढलं. गड्याची बोटं राखेत टेकली. आमचं गाव जिंकलो म्हणून नाचायला लागलं.

मी शिटी वाजवली आणि ओरडले, "बाद!"

वस्ताद तरातरा माझ्यापुढं आला. "काऊन बाद? पोरगा पडून राह्यला होता, बाई. पडलेल्याले हात नाई द्याचा का?"

"खेळ संपल्यावर द्या, भाऊ. खेळात त्यानं आपल्या जोरावर यायचं असतं."

"मी कुठी ओढलं? हात पुढं केला, त्यानंच धरला."

"मग मनगट त्याचं कसं तुमच्या मुठीत?"

पलीकडचे खो खो हसले. वस्ताद लालबुंद झाला. "आमच्या गावात राह्यता अन् आमालेच बाद देता?"

माझे कान तापले. "गावात राहते म्हणून डोळे गावाला दिले नाहीत," मी म्हटलं.

"मंग खोली खाली करा. मले धान भराचं हाय तिथी."

हे सगळ्यांदेखत झालं. पलीकडच्या गावचा एक म्हातारा लगेच पुढं आला. "बाई, आमच्याकडं या. खोली सारवून देतो." मला त्याचाही राग आला. त्या खोलीत एक रात्र जरी राहिले असते, तरी माझा निवाडा विकला गेला असता. मी त्याला चक्क नाही म्हटलं, ट्रंक शाळेत नेली आणि फळ्यामागं चूल मांडली. मुलं भूगोल शिकायची आणि फोडणीच्या वासानं ठसकायची. अडचण होत होती, खोटं कशाला बोलू? रडूही आलं एकदोनदा. पण कुणाच्या दारात गेले नाही.

पुढं थंडीत एका संध्याकाळी शाळेचं काम आटोपून पलीकडच्या गावाहून परतत होते. डोंगा काठाला लागला, मी दरडीवर पाय ठेवला आणि घसरले. वरून हात आला. धरला तेव्हा कळलं, हात वस्तादाचा आहे. त्यालाही तेव्हाच कळलं असावं, कारण मला अर्ध्यावर घेऊन तो थांबला. इथं रेघ नव्हती, म्हणून मीही हात सोडला नाही.

"आता तरी म्हना, बाई," तो हळूच म्हणाला. "बाद नव्हता ना तो?"

माझा एक पाय चिखलात होता, दुसऱ्याला आधार नव्हता आणि खाली गार पाणी होतं. त्यानं मूठ उघडली असती तर मी सरळ नदीत गेले असते.

"बाद होता," मी म्हटलं.

तो बघतच राहिला. मग त्यानं दात खाऊन मला ओढलं आणि काठावर घेतलं.