महाराणीच्या दुपारच्या पार्ट्या

महाराणीने आयुष्यात एकही बाटली स्वतःच्या हाताने उघडली नसेल. ती खाटेवर पाय पसरून बसायची, बाटली पुढे करायची आणि म्हणायची, "उघड ना गं, माझी नखं तुटतात." आम्ही धावत उघडायचो. 'महाराणी' हे नाव तिला माझ्या आईने ठेवलं होतं, कौतुकाने नव्हे. ती मात्र ते मिरवत फिरायची.

बारावीची परीक्षा संपली आणि निकालापर्यंतचे दिवस मोकळे मिळाले. महाराणीच्या वडिलांची चौलला नारळ-सुपारीची वाडी होती. दुपारी सगळं गाव जेवून आडवं झालं की आम्ही चार-पाच मुली तिथल्या पंपाच्या खोलीत जमायचो. बिअर, ऑम्लेट-पाव आणि मोठ्याने लावलेली गाणी. बिअरची चव आमच्यातल्या कुणालाच आवडत नव्हती. तरी महाराणी बघतेय म्हणून तोंड वाकडं न करता घोट घ्यायचो. जी नाही म्हणेल तिला ती 'काकूबाई' म्हणायची, आणि ती बिचारी दुसऱ्या दिवशी दोन घोट जास्त प्यायची. तिचं तत्त्वज्ञानही होतं, एका ओळीत मावणारं: "घाबरतात ती माणसं जगतच नाहीत." कुठल्याशा भेटकार्डावर वाचलेलं असणार. मला तेव्हा ते वेदवाक्य वाटायचं.

एका गोष्टीचं श्रेय मात्र तिला दिलं पाहिजे. स्कूटी चालवायला तिनेच मला शिकवलं. रेवदंड्याच्या रस्त्यावर मागे बसून ओरडायची, "ब्रेकवरचा हात काढ, मरत नाहीस!" मी मिठागरात राबणाऱ्या घरातली. रस्त्यावर एवढ्या मोठ्याने हसता येतं, हे मला तिथेच कळलं.

एका दुपारी तिचे वडील नारळाच्या व्यापाऱ्याला घेऊन अचानक वाडीत आले. बाकीच्या मुली कुंपणातून पसार झाल्या. मी महाराणीसाठी बाटली उघडत होते, ती हातातच राहिली. वडिलांनी काही विचारायच्या आत महाराणी रडायला लागली. आणि काय रडली! "बाबा, मी नको नको म्हणत होते. हिनेच आणली. हिच्या घरात सगळेच पितात."

माझ्या घरात कुणीच पीत नव्हतं. मिठाचा ट्रक चालवणारे माझे वडील बिडीलाही शिवत नसत. महाराणीच्या वडिलांनी मला मोटारसायकलवर घालून थेट माझ्या वडिलांपुढे उभं केलं. ते गेल्यावर मी वडिलांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "बाटली कोनाचे हातान व्हती?"

"माझ्या."

"मंग झाला."

मला मुंबईला कॉलेजात घालायचं, होस्टेलवर ठेवायचं ठरत आलं होतं. ते बोलणं त्या दिवशी संपलं.

निकालानंतर महाराणी मात्र मुंबईला गेली. निघायच्या दिवशी आमच्या दारापर्यंत आली. आत नाही. "मनावर घेऊ नकोस यार. माझ्या बाबांनी मला मारूनच टाकलं असतं. तुमच्याकडे काय, चालून जातं." तिला रेवसला मुंबईची लाँच गाठायची होती, माझं उत्तर ऐकायला ती थांबली नाही.

मी एसटीने अलिबागला जाऊन शिकले. आता न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या ऑफिसात आहे. आमचं बरं चाललंय.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बॅचचं स्नेहसंमेलन नागावला झालं. महाराणी हल्ली बायकांनी बिनधास्त कसं जगावं यावर मोबाइलवर व्हिडिओ करते. तिची नुकतीच बारावी झालेली मुलगी बरोबर होती. जेवणं झाल्यावर महाराणीने नेमकी तीच दुपार सांगायला घेतली. "बाबा समोर उभे! मी सरळ म्हटलं, हो, प्यायले, काय करायचं ते करा!" टाळ्या पडल्या. "हिला विचारा, ही होती ना तिथे!"

"होते," मी म्हटलं. "बाटली माझ्या हातात होती. तू रडत होतीस, आणि मीच आणली म्हणून सांगत होतीस."

मला वाटलं, निदान चेहरा तरी पडेल. ती खळखळून हसली. "अय्या, एवढं कसं गं लक्षात राहतं तुझ्या? मी तर केव्हाच विसरले!" आणि पुढचा किस्सा सुरू केला. ती खोटं बोलत नव्हती. खरंच विसरली होती. इतकी वर्षं मी जिच्यावर राग धरून बसले होते, ती बाई राग धरण्याएवढीसुद्धा नव्हती.

तिची मुलगी मात्र हसली नाही. मी निघाले तेव्हा ती माझ्या गाडीपाशी आली. "मावशी, मग तुमच्या कॉलेजचं काय झालं?"

"मुंबई राहिली ती राहिलीच."

ती म्हणाली, "आई मलाही पुण्याला कॉलेजला पाठवत नाहीये. म्हणते, तिकडे मैत्रिणी बिघडवतात."

मी गाडीचं दार उघडलं. "आत बस," म्हटलं, "सगळं सांगते."