पाच चौकटी आणि एक तळं

मॅट्रिक झालो आणि शेफारलो. वडील रेल्वेत दुर्ग लाइनवर गँगमन, घरात खिशाला पेन लावणारा मीच पहिला. भिलाईत तेव्हा कारखान्याची आखणी चालू होती. त्याच सुमारास बाहेरगावच्या कॉलेजातून एक प्राध्यापक लोकांचं मत मोजायला आले. मतही मोजतात, हे मला नवीनच होतं. छापील कागदावर वाक्यं आणि प्रत्येक वाक्यापुढे पाच चौकटी: पूर्ण पटतं, पटतं, सांगता येत नाही, पटत नाही, मुळीच पटत नाही. जमिनी गेलेल्या गावांत फिरून मी खुणा करायच्या.

काम सोपं निघालं. पँटवाल्याने काहीही विचारलं तरी गावकरी म्हणत, "हव साहेब," म्हणजे हो. कारखान्याने भलं होईल? हव. नुकसान होईल? तेही हव. घरी मी त्यांची नक्कल करून दाखवली तर आई म्हणाली, "हासून कावून राहिला? भेत असतीन बिचारे तुले." आईचं तेव्हा कोण ऐकतो!

एक म्हातारी मात्र हव म्हणाली नाही. गेलेल्या शेताबद्दल चकार शब्द नाही, बोलत राहिली ती घरामागच्या तळ्याबद्दल. सासऱ्याने खणलेलं, सगळं गाव त्यावर नांदलेलं. शेवटी माझा हात धरून म्हणाली, "लिख दे बाबू, हमर तरिया ला झन पाटव." तळं बुजवू नका, एवढंच. ते पाचांतल्या कुठल्याच चौकटीत बसेना. ऊन तापलेलं, अजून बारा घरं बाकी. मी 'सांगता येत नाही'वर खूण करून मोकळा झालो.

"लिख डारे?" तिने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

"लिख दिया, दाई." वर आई म्हणून हाकही मारली. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पुढे गावातली माणसं तळ्यासाठी कारखान्याच्या साहेबांना भेटायला निघाली, तर हिनेच त्यांना थांबवलं. आपलं म्हणणं कागदावर चढलंय, आता कशाला जाता, म्हणाली. क्वार्टर बांधायला तळं बुजवलं. मुरमाचे ट्रक रिकामे होत होते, तिथेच ती मला भेटली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट तीच माझी समजूत घालू लागली: कागद पोहोचला नसेल, त्याला तू काय करणार? मी हो म्हणून मान हलवली. पहिल्या खोट्यापेक्षा त्या मान हलवण्याची मला जास्त लाज वाटते.

आता नात मानसशास्त्र शिकते. ती सांगते, पुढे चौकटी राहणारच नाहीत. माणूस आपल्या शब्दांत बोलेल, मशीन ऐकेल, तो कुठे अडखळला तेही टिपेल. प्रश्न कोणते विचारायचे, हेसुद्धा गावच ठरवेल.

"आणि विचारणाराच लबाड असला तर?" मी विचारलं. चोराच्या मनात चांदणं!

ती हसली. "मशीन कुठं लबाडी करते, आजोबा! तुमच्या टाइमले आपल्या शब्दांत सांगायचं असं काही नव्हतंच ना?"

"नव्हतं. कागदावर लिहायला जागाच नव्हती."

हेही खोटं. कागदाची मागची बाजू कोरी होती.