खिडकीखालचे जानराव

जानराव खोब्रागडे कोणावर पटकन विश्वास ठेवत नसत. दूधवाल्याचं दूध बोटावर घेऊन पाहत, सिलिंडर आला की हलवून पाहत, डॉक्टरने गोळी लिहून दिली तरी मेडिकलवाल्याला ती कशावरची म्हणून पुन्हा विचारत. सारी उमर स्टील प्लांटात क्रेन चालवण्यात गेली होती. खालचा माणूस ‘सब ठीक’ म्हणाला तरी स्वतः पाहिल्याशिवाय लोड उचलायचा नाही, हे अंगात मुरलं होतं. रिटायर होऊन दुर्गजवळच्या मरोद्यात राहायला आले, तरी ती खोड सुटली नाही.

त्यामुळे साक्षीने, त्यांच्या मुलीने, विशाखापट्टणमच्या कंपनीचा व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू आहे असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी पडली. मशीनची ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर काढायची, तीही घरी बसून, असं ती म्हणाली.

“मानूस न पायता नोकरी कोन देते?” जानरावांनी विचारलं.

गल्लीतल्या दयारामचा भाचा असाच फोनवर लागलेल्या नोकरीसाठी पैसे भरून रायपूरला गेला होता. दिलेल्या पत्त्यावर बंद शटर निघालं.

साक्षीने वाद घातला नाही. पोपडे आलेल्या भिंतीवर चादर टांगली, लॅपटॉप डब्यांवर ठेवून उंच केला आणि काळ्या स्क्रीनसमोर बसून हिंदी-इंग्रजीत स्वतःची ओळख सांगायला लागली. एकटीच हसायची, मान हलवायची. जानराव खोलीत आले की गप्प व्हायची. स्वयंपाकघरात आईशी, कांताबाईंशी, तिचं काहीतरी हळू आवाजात चाले, तेही त्यांना पाहून थांबे. दाल में काला आहे, हे त्यांनी ओळखलं.

इंटरव्ह्यूच्या दिवशी कांताबाई म्हणाल्या, सिविक सेंटरच्या चष्मेवाल्याला चष्मा दाखवून या, घाई करू नका. चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

जानराव निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि मागच्या बोळीतून परत आले. साक्षीच्या खिडकीखाली बादली पालथी घालून बसले. पैशाची गोष्ट निघाली की आत जाऊन लॅपटॉप बंद करायचा, असं ठरवूनच.

पैशाची गोष्ट निघालीच नाही. कोणी बाई ड्रॉइंगबद्दल विचारत होती, साक्षी न अडखळता सांगत होती. मग बाईने विचारलं, काम इथे विशाखापट्टणमला येऊनच करावं लागेल, घरच्यांना माहीत आहे ना? साक्षी म्हणाली, “जी मॅम, पापा से बात हो गई है।”

जानराव ताडकन उठले. बादली घरंगळली. साक्षीची नजर खिडकीकडे गेली आणि आता संशय त्या बाईला आला. बाजूने कोणी उत्तरं सांगतंय का, कॅमेरा फिरवा, म्हणाली. साक्षीने लॅपटॉप फिरवला. खिडकीच्या गजांमागे जानराव उभे होते.

साक्षी खालच्या मानेने म्हणाली, हे माझे वडील. बाईने सरळ त्यांनाच विचारलं, “आप बेटी को भेजेंगे?”

एका शब्दात सगळं मोडता आलं असतं. साक्षीने वर पाहिलं नाही. लॅपटॉप धरलेली तिची बोटं मात्र पांढरी पडली होती.

“बात हो गई है,” जानराव म्हणाले.

कॉल संपला तरी ते तिथेच उभे राहिले. मग गजांतूनच विचारलं, “मले कावून नाई सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तुमी जाऊ दिलं असतं, बाबा?”

जानराव आत येऊन चादरीसमोर बसले. कांताबाईंनी चहा आणून ठेवला, तो त्यांनी बाजूला सारला. म्हणाले, “मले अजूनबी त्या बाईचं खरं वाटून नाई राहिलं. पन नोकरी लागली तर सोडाले मी येईन. डोयानं पाहीन.”

नोकरी लागली. दुर्गहून गाडीत बसल्यापासून जानरावांनी साक्षीची कागदपत्रं स्वतःच्या पिशवीत ठेवली. विशाखापट्टणमला पोचले तर कंपनी होती, बोर्ड होता, माणसं आत-बाहेर करत होती. साक्षी आत गेल्यावर त्यांनी वॉचमनला विचारलं, ही कंपनी इथे कधीपासून आहे? तो म्हणाला, मी नवीन आहे.

तेव्हा जानराव समोरच्या चहाच्या टपरीकडे विचारायला निघाले.