आतून घासलेला मॅनिफोल्ड

अकोल्याच्या गोवर्धन मिस्त्रीला अमरावतीच्या वली मिस्त्रीचं नाव ऐकलं तरी पोटात दुखायचं. बासष्टच्या उन्हाळ्यात तर ते नाव थेट केशवरावांच्या तोंडून आलं. केशवराव गोवर्धनचं जुनं गिऱ्हाईक; सरकीचे व्यापारी, वेगाचे वेडे, एक काळी, एक पांढरी अशा दोन मोटारींचे मालक.

"चिखलदऱ्याचा घाट, गोवर्धन! काळी मोटार अशी चढली का बस! वलीनं नुसता मॅनिफोल्ड आतून घासला."

"नुसता?"

कार्बुरेटरमधून इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा तो ओतीव नळा गोवर्धननं आजवर बाहेरूनच पुसला होता. आत बोट घालून बघावं, हे कधी सुचलंच नव्हतं.

"पांढरीचा तू घास. तशीच चढली तं दोन्ही गाड्या तुह्याकडे. नाई तं दोन्ही वलीकडे."

दुसऱ्या दिवशी गोवर्धन एस.टी.नं अमरावतीला. चोरून बघायचा बेत होता, पण वलीनंच हाक मारली.

"अरे, गोवर्धनभाऊ! या, बसा. चाय सांगू?"

त्या आपुलकीनं तर गोवर्धनच्या अंगाची लाही झाली. समोर नळा घट्ट आवळलेला. त्यातून दोरी, दोरीला गुंडाळलेला पॉलिश पेपर. एक टोक वलीच्या हातात, दुसरं त्याच्या बायकोच्या, रजियाबीच्या. ताक घुसळावं तशी दोघांची ओढ.

"आतला खरबरीतपणा गेला का हवा कुठंच अडत नाई, भाऊ."

"ठहरो जी," रजियाबी म्हणाली, "इथं अटकून राहिलं."

घरी येताच गोवर्धन बायकोला ओरडला, "इंदू! गॅरेजात ये. हे टोक धर."

"काहून? आजवर तं पायरी चढू देली नाई."

"ओढ म्हणतो ना!"

इंदूबाईनं दणकून ओढलं.

"हळू! विहिरीचा दोर आहे का तो? रजियाबी कशी ओढते..."

"मंग रजियाबीलेच आणा बोलावून!"

तरी ती ओढत राहिली. मध्येच थांबली. "वळणावर काहीतरी लागून राहिलं."

गोवर्धननं बोट घातलं. ओतकामाचा बारीक उंचवटा. त्याच्या हाताला लागलाच नव्हता.

"मले माईत होतं," तो म्हणाला आणि नेमकं तिथंच घासायला लागला.

पांढरी मोटार घाट चढली. केशवराव दारातूनच गरजले, "दोन्ही तुह्या! मॅनिफोल्डवर काय हात फिरवला रे!"

"तो माहा हात," आतून इंदूबाई.

केशवराव खदखदून हसले. "असं काय! मंग पुढच्या वेळी वहिनीलेच विचारून येतो."

गोवर्धन हसला नाही. वली निदान अमरावतीत तरी राहत होता.