झोपाळ्याखालची पांढरी भुकटी
सुचित्रा कुणाच्या घरी गेली की आधी छताकडे बघते. यजमानीण पाणी घेऊन येईपर्यंत तिचं छत, फरशी, पाइप असं सगळं न्याहाळून झालेलं असतं. अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातल्या मराठी बायका म्हणतात, हिला घराचं कौतुक करायला बोलवावं, तर ही घराची नाडी बघते. खोड वाईटच, पण पोटापाण्याची आहे. नागपूरची ही रसायनशास्त्राची एमएस्सी नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आली, मुलं शाळेत जायला लागल्यावर कोर्स करून परीक्षा दिली आणि अ‍ॅस्बेस्टॉसची इन्स्पेक्टर झाली. गेली बावीस वर्षं ती शाळांच्या आणि ऑफिसांच्या तळघरांत गुडघ्यांवर रांगते आहे.

त्या पदार्थाचं तिचं कुतूहल अजूनही सरलेलं नाही. मूळचा दगड, पण कापसासारखा पिंजला जातो आणि जळत नाही, म्हणून एके काळी लोकांनी तो घरोघरी गरम पाइपांना लपेटला. धड असतो तोवर गरीब गाय. घासला किंवा फोडला, की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात, छातीत जाऊन बसतात आणि तीस-चाळीस वर्षांनी दुखणं होऊन वर येतात. नुसत्या नजरेने तो कुणालाच ओळखता येत नाही, नमुना लॅबमध्येच पाठवावा लागतो. सुचित्राला फक्त संशय येतो, आणि तो बहुतेकदा खरा ठरतो.

गेल्या जूनमध्ये राधिका आणि परीक्षित या पुण्याच्या जोडप्याने सत्तर वर्षं जुनं घर घेतलं. वास्तुशांतीच्या दिवशी खुर्च्या आणायला म्हणून सुचित्रा तळघरात उतरली आणि खुर्च्या विसरून वरच बघत राहिली. घर गरम ठेवणाऱ्या वाफेच्या पाइपांवर जाडसर पांढरं वेष्टण होतं. कुठे तडा नाही, कुठे सुटलेलं नाही. असं धड असेल तर हात लावू नये, हा तिच्या कामातला पहिला धडा. दुसरा धडा असा, की घरात राहणाऱ्यांना सांगून ठेवावं.

वर गुरुजींची पूर्णाहुती चालली होती. आदल्या वर्षी अशाच एका वास्तुशांतीला सुचित्राने असल्याच वेष्टणाबद्दल तोंड उघडलं होतं. घरच्या बाईंनी चारचौघांत ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणून तिची जिरवली होती, आणि वर लॅबच्या रिपोर्टमध्ये काहीच निघालं नव्हतं. तो अपमान अजून ओला होता. तिने खुर्च्या उचलल्या आणि उद्या फोन करू असं मनाशी ठरवलं. तो उद्या काही उजाडला नाही.

जानेवारीत राधिकाने संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. बायका बऱ्याच होत्या, म्हणून बैठक तळघरात मांडली होती. सुचित्रा जिना उतरली तेव्हा राधिकाची चार वर्षांची अनया मोठ्या शिसवी झोपाळ्यावर झोके घेत होती. परीक्षितने दिवाळीत हौसेने तो पुण्याहून मागवून तुळईला टांगला होता. झोपाळा मागे गेला की त्याची पितळी साखळी पाइपाला घासत होती. वेष्टणात बोटभर खोल चर पडला होता. अनयाच्या केसांवर पांढरी भुकटी होती.

परीक्षितची आई, लताकाकू, हसत म्हणाल्या की हे रोजचंच आहे, जुनं प्लॅस्टर गळतं. लक्ष्मीपूजनासाठी त्यांनी पुण्याहून नवी केरसुणी आणली होती. तिनेच त्या रोज सकाळी तिथला केर काढत होत्या. आताही त्यांनी केरसुणी उचलली.

सुचित्राने त्यांचा हात धरला. “काकू, झाडू नका. सगळ्याजणी वर चला, हळूहळू.”

कुणी काही विचारण्याआधीच तिने झोपाळा थांबवला. ओल्या फडक्याने अनयाचे केस आणि चेहरा पुसला, कपडे तिथेच उतरवून पिशवीत घातले आणि राधिकाला तिला आंघोळ घालायला पाठवलं. व्हॅक्यूमलाही हात लावू दिला नाही. तळघराचं दार बंद करून फटींना टेप लावली. हळदीकुंकू वर स्वयंपाकघरात उरकलं. तिळगूळ घेताना कुणी गोड बोललं नाही, कडूही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मास्क लावून आली. वेष्टणावर साबणाचं पाणी फवारून तीन जागचे तुकडे काढले आणि लॅबला पाठवले. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. संशय खरा होता.

परीक्षित ते वेष्टण काढायचं लायसन्स असलेल्या कंपनीला फोन लावायला आत गेला. राधिकाने विचारलं, अनयाच्या छातीत किती गेलं असेल? सुचित्राने खोटा धीर दिला नाही. मोजता येत नाही, म्हणाली. वर्षानुवर्षं यातच काम करणाऱ्यांच्या मानाने धोका पुष्कळ कमी, पण शून्य म्हणता येणार नाही. डॉक्टरांकडे नोंद करून ठेव. लताकाकू मांडीवरच्या नातीच्या केसांतून नुसता हात फिरवत होत्या. त्या रोज तिथे झाडत होत्या, हे कुणी बोलून दाखवलं नाही.

राधिकाने डोळे पुसले. “मावशी, तुम्ही नसतात तर आम्हाला कळलंच नसतं.”

हे आभार काही सुचित्राच्या घशाखाली उतरेनात. “मला जूनमध्येच कळलं होतं,” ती म्हणाली. “वास्तुशांतीच्या दिवशी. शुभकार्यात नको, म्हणून गप्प बसले. नंतर राहूनच गेलं.”

राधिका ओरडली असती तर बरं झालं असतं, असं सुचित्राला वाटलं.

“अजून किती घरांत बघितलंय तुम्ही?” राधिकाने शांतपणे विचारलं. “आणि बोलला नाहीत?”

सुचित्राला आठवायला वेळ लागला नाही. एक बारशाचं घर, एक सत्यनारायणाचं, एक डोहाळजेवणाचं. “तीन,” ती म्हणाली.

राधिकाने टेबलावरचा सुचित्राचा फोन उचलून तिच्या हातात दिला आणि समोरची खुर्ची ओढून बसली. सुचित्राने डोहाळजेवणाच्या घराचा नंबर आधी लावला.