तिसाव्या घराची अक्षत

माझी सून सुनीता शाळेत शिकवते आणि तिचा वर्ग मी जवळजवळ घालवला होता.

तिच्या पालकसभेला मोजून चार माणसं यायची. (त्यातली दोन पंख्याखाली बसायला!) शेवटी मोठ्या बाईंनी बजावलं, "फोनवर निरोप नको, घरोघर जाऊन बोलवा. या वेळी तीसच्या तीस घरं आली नाहीत, तर वर्ग दुसऱ्या बाईंना देईन."

नेमका सुनीताचा घसा बसला. मी म्हटलं, "मी जाते."

"आई, फक्त तारीख सांगा अन् या."

फक्त तारीख! मी काय टपालवाली आहे? तांदळाला हळद-कुंकू लावलं आणि गढा या आमच्या हिंदी मुलखातल्या वस्तीत दारोदार अक्षत दिली. हिंदीवाल्यांनाही पिवळे तांदूळ कळतात. चौथीपर्यंतच शिकले, पण बोलावणं कसं करायचं ते मला कोणी सांगू नये!

रविवारी शाळा भरली. जरीच्या साड्या, अत्तर, आहेराचे ब्लाउजपीस! एका भैयाने मोठ्या बाईंनाच विचारलं, "मैडम, दूल्हा किधर है?"

सुनीताने घसा खाकरत अभ्यासावर भाषण केलं. ते संपलं, तरी कोणी उठेना.

"आई, हे लोक काहून बसून राहिले?"

"जेवणाची वाट पाहून राहिले."

सुनीताने कपाळावर हात मारला. मी हलवायाला जलेबी सांगितली. तेवढ्यात मोठ्या बाईंनी हजेरी घेतली. "एकोणतीस. एक घर आलं नाही."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "कोण ते बेशरम? पोरांच्या शाळेची कदरच नाही!"

सुनीता हळूच म्हणाली, "आपल्या लताताईंचं."

लता माझी मुलगी. नात सुनीताच्याच वर्गात. घरचीच माणसं म्हणून त्यांना नुसता फोन केला होता! मी जावयाला फोन लावला.

"सगळ्या गढ्याला अक्षत," तो म्हणाला, "अन् जावयाला फोन?"

"जावईबापू, आत्ता या. सुनीताचा वर्ग जाईल!"

"बोलावणं आलं तर येईन."

मुठीत अक्षत घेऊन मी रिक्षात बसले. जलेबी तळून व्हायची होती, म्हणून एकोणतीस घरं जागची हलली नाहीत. अर्ध्या तासाने तिसावं घर शाळेत शिरलं. पुढे कडक इस्त्रीचा जावई, मागे लता, नात, आणि सगळ्यात शेवटी त्याची छत्री धरून मी बेशरम!