पिटकोळीची पाकळी

आधी नाव सांगतो. सगुण गावस, इब्रामपूरचे. मी त्यांना सगुणमामा म्हणतो. पुढचं सांगताना माझा धीर सुटलाच, तर निदान हे नाव तरी तुमच्यापर्यंत पोचलेलं असावं. कारण हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, गावी चंदगडला आईलाही नाही.

मी आठवीतून शाळा सोडली. डिचोलीला आलो तो बांधकामावर विटा वाहायला. चहाच्या गाड्यावर सगुणमामांची ओळख झाली. उंडा, म्हणजे इथला गोल पाव, मोडून अर्धा माझ्या हातात द्यायचे, पातळभाजीची बशी मध्ये सरकवायचे. त्यांनीच मला त्यांच्या वर्कशॉपमध्ये नेलं. बाहेरून बघाल तर साधी पत्र्याची शेड, शेजारी टायरवाला. पण आत देशाच्या रॉकेटला लागणाऱ्या नळ्या तयार होतात. मालकांनी विचारलं, शिकलाय किती? मामा म्हणाले, "शिकाक नाय, पण हात सुके आसत तेचे. घाम येणा नाय."

सुक्या हातांवर मला नोकरी लागली. इंधनाची नळी आतून धुवायची, वाळवायची, दिवा धरून बघायची, दोन्ही तोंडांना टोपणं लावायची. टोपण लावायच्या आधी दुसऱ्या माणसानंही आत बघायचं आणि मग शिक्का मारायचा. शिक्का मामांकडे. बाकीचे मला चिडवायचे — "घाटी रॉकेट उडयतलो. आता चंद्रार झुणको-भाकर मेळतली." मीही हसायचो. मला चांगलं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

दाराशी एक पेटी होती. अंगठी, गंडा, घड्याळ, सगळं तिथं काढून ठेवायचं. कपाळाचं गंधसुद्धा पुसायचं. म्हणजे देवाला दाराबाहेर ठेवून आत जायचं — मला तरी तसंच वाटायचं.

मग एकदा कॅन्टीनच्या टीव्हीवर उड्डाण बघितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मनात मात्र एकच आलं. त्यात माझ्या हातची नळी असेल तर? इतक्या शिकलेल्या माणसांच्या कामात आठवी सोडलेल्याचा हात — आणि काही झालं असतं तर? जेवण जाईना. मामांना सांगितलं. ते हसले नाहीत. रविवारी मला इब्रामपूरला त्यांच्या देवळात घेऊन गेले. तिथं देवाच्या अंगावर पिटकोळीच्या लाल फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि वाट बघतात. उजव्या बाजूची पाकळी पडली की देवाचा होकार. मी विचारलं — माझ्या हातून सगळं नीट होईल ना? उजवी पडली. भटजींनी ती पाकळी माझ्या तळहातावर ठेवली.

ती पाकळी मी आत नेली. हातमोज्याच्या आत लपवून.

आता इथं मी थांबतो, नेहमी. मनातल्या मनात सांगतानाही इथंच थांबायचो. तर — टोपण लावायच्या आधी मी ती पाकळी नळीत सोडली. चुकून पडली नाही. सोडली. वाटलं, एवढीशी पाकळी, तिला वजन ते काय? देव सोबत गेला तर जाऊ दे. नियम मला तोंडपाठ होता.

मग मी नळी मामांपुढे धरली. दिवाही धरला. त्यांनी नळीत बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "तू बगलंस मा? मगे माका कित्याक दाखयतंस?" आणि शिक्का मारला.

पाकळी सापडली. अंतराळ संस्थेच्या लोकांनी जोडणीच्या आधी नळीत कॅमेरा घातला, तेव्हा. कुणाला काही झालं नाही. पण ती गाळणीत अडकली असती तर इंधन अडलं असतं, आणि पुढचं सांगायला नको. संस्थेच्या सुरक्षा बघणाऱ्या मॅडम आल्या. आम्हा सगळ्यांना उभं केलं आणि शांतपणे हिंदीत म्हणाल्या — मला माणूस नको, मला चूक हवी आहे. सांगेल त्याचं काही वाकडं होणार नाही. पण चूक आली कुठून ते कळलं नाही, तर ती परत येईल.

यापेक्षा सोपं दार कुणी कुणाला उघडून देतं का? मी उभा राहिलो. त्या दारातून गेलो नाही.

मामा पुढे झाले. "बगूक नाय मी. चूक माजी." त्यात खोटं काहीच नव्हतं. अर्धं खरं त्यांनी सांगितलं. उरलेलं अर्धं माझ्या तोंडात होतं, ते मी गिळलं.

मॅडमनी शब्द दिला होता, तरी मालकांनी शिक्का मामांकडून काढून घेतला. त्यांना गेटवर बसवलं, गाड्यांसाठी फाटक उघडायला. पाकळी कुठून आली याचा शोध लागला तो असा — शेडच्या खिडकीशी पिटकोळीचं झुडूप होतं. ते उपटलं, खिडकी बुजवली. नवा नियम झाला, शेडजवळ फुलझाड नको. सगळे निश्चिंत झाले. नियम आहे, पण खोट्या कारणावर उभा आहे. उद्या माझ्यासारखाच कुणी भिऊन देवाला मुठीत घेऊन आत गेला, तर तो कुणाच्या ध्यानातही येणार नाही.

गेटवर एकदा मामांनी विचारलं, "देवान दिलेली पाकळी आसा मा रे, सांबाळून?" मी म्हटलं, आहे. त्यांनी माझ्या रिकाम्या खिशाकडे बघितलं. उंडा मोडला आणि अर्धा मला दिला.

आता शिक्का माझ्याकडे आहे. नव्या पोरांना दाराशी उभं करून मीच सांगतो — आम्हाला माणूस नको, चूक हवी आहे. मॅडम पुन्हा आल्या तेव्हा म्हणाल्या, हा माणूस फार काळजीपूर्वक काम करतो. तेव्हापासून हातमोज्यात माझे हात ओले होतात. सोडून जावं, तर तो शिक्का कुणाला काय सांगून देऊ? राहावं, तर रोज त्याच दारातून आत जायचं. बुजवलेल्या खिडकीकडे पाठ करून मी बसतो. खोलीत वारा नाही.

मामा आता निवृत्त होऊन इब्रामपूरला आहेत, काजूच्या बागेत. मी अजून गेलेलो नाही.

मामा, त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही 'चूक माजी' हे जे वाक्य बोललात, ते माझं होतं. एक दिवस तुम्हाला घेऊन त्याच दाराशी उभा राहीन, आणि ते तुमच्याकडून परत घेईन. सगळ्यांसमोरच.